सकाळचं घर

"रसोई में एक हरी टाइल है. बाकी सब पत्थर, और बीच में एक हरी," मिश्राइन म्हणाली आणि सुनीतीच्या हातातली बशी कलली. चहा काठापर्यंत आला आणि थांबला. सांडला असता तर बरं झालं असतं, फडकं आणायला आत जाता आलं असतं. ती तिथेच उभी राहिली, आणि समोरची गाझीपूरची बाई, जी सुनीतीच्या नवऱ्याला, घरांची दलाली करणाऱ्या श्रीनिवासला भेटायला आली होती आणि तो घरी नाही म्हटल्यावर उन्हाच्या नावाखाली बसली होती, ती चहा घेत घर कसं आवडलं ते सांगत सुटली. नवऱ्याची इथे बदली झाली होती, सासूला शेवट काशीत हवा होता, आणि दोन महिने मकानं बघून बघून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. आता मात्र एक मनात भरलं होतं. ब्रह्मा घाटाकडचं. "भाईसाहब ने मना किया है, घर का नाम किसी से मत लेना. तो हम नाम कहाँ ले रहे हैं, हम तो टाइल बता रहे हैं," असं म्हणून ती स्वतःच हसली. "और वो लोटा! हमारे हाथ में लोटा पकड़ा दिया. बोले, गली में कोई पूछे तो कहना गंगाजी नहाने आए हैं, रहने को कमरा देख रहे हैं. हम तो सचमुच नहा भी आए, दीदी." लोटा अजून तिच्याकडेच होता, सासूने देवाजवळ ठेवला होता, परत करीन म्हणाली. सुनीतीने हं म्हटलं. दोन दिवस ती फळीवरचा एक लोटा शोधत होती हे तिच्या मनात येऊन गेलं, पण ते टिकलं नाही. तळपायाला गार लागत होतं. जमीन तर सिमेंटची होती, तापलेली, आणि तिच्या पायात चपला होत्या.

ती टाइल सुनीतीच्या वडिलांनी बसवली होती. चुलीपुढची फरशी फुटली तेव्हा रेल्वेतल्या नोकरीत कुठल्याशा वेटिंग रूमच्या दुरुस्तीतून उरलेली एक टाइल त्यांनी पिशवीतून घरी आणली, आणि रविवारी धोतर खोचून स्वतः बसवली. एका कोपऱ्यात जरा वर राहिली. आई कितीतरी वर्षं त्या कोपऱ्याला ठेचकाळून वडिलांच्या नावाने बोटं मोडत होती. उन्हाळ्याच्या दुपारी सुनीती त्या टाइलवर अनवाणी उभी राहायची, एक पाय टाइलवर, दुसरा त्या पायावर, बगळ्यासारखी, आणि भाऊ नरहर तिला ढकलून स्वतः उभा राहायचा. सगळ्या घरात तेवढीच जागा गार. बनारसमध्ये हिरव्या टाइल्स पुष्कळ असतील. पण दगडात एकटी, कोपरा वर आलेली?

"वहाँ रहता कौन है?" तिने विचारलं. विचारताना तिला स्वतःचाच आवाज चोरटा वाटला. या घरात असं विचारायचं नसतं. मिश्राइन म्हणाली, "एक माताजी हैं. बहुत सीधी. हमने तो साफ पूछ लिया, और कोई बाल-बच्चा? कल को कोई हिस्सा माँगने खड़ा हो जाए तो? बोलीं, एक लड़का है, नागपुर में. बस."

बस. मिश्राइनने तो शब्द सहज टाकला आणि कप खाली ठेवला. आत सुनीतीची लेक बकुळ खोकली. ओल्या खोलीतला तो खोकला, जो सुनीती झोपेतही मोजत असे, तो आता तिला दुसऱ्या कुणाच्या घरातून आल्यासारखा ऐकू आला. एक लड़का है. बस. मिश्राइन जाताना दारात बकुळच्या गालाला हात लावून गेली, आणि सुनीतीने कडी लावली आणि लावलेल्या कडीवर हात ठेवून उभी राहिली.

श्रीनिवासचा नियम साधा होता. ज्याचं घर त्याचं नाव पोटात. मराठी गल्ल्यांमधला माणूस आपलं घर विकायला काढतो म्हणजे नळावर, देवळात, हळदीकुंकवात त्याची उत्तरक्रिया सुरू होते. काकू, चाललात म्हणे. भाडेकरू जिन्यात ठाण मांडतात, शेजारचा भिंतीचं जुनं भांडण उकरतो. म्हणून लोक श्रीनिवासकडे येत. तो गिऱ्हाइकाच्या हातात लोटा देऊन त्याला यात्रेकरू करायचा, घरमालकाकडे प्रसाद द्यायला गेल्यासारखा जायचा, आणि घरी बोलताना प्रत्येक घराला एक टोपणनाव ठेवायचा. लंगड्या जिन्याचं, माकडांचं, दोन आंधळ्या खिडक्यांचं. सुनीतीला याचा अभिमान होता. नुसता अभिमान नव्हता, त्या नियमावरच तिचं लग्न झालं होतं. तो बघायला आला तेव्हा वडिलांनी मुद्दाम विचारलं होतं, अमृतराव घाटाकडचं ते घर शेवटी कुणी घेतलं हो? आणि श्रीनिवास पोह्यांची बशी हातात घेऊन हसला होता, "काका, ते घर माझ्याकडे आलंच नव्हतं असं समजा." तो गेल्यावर वडील म्हणाले, पोटात ठेवणारा मुलगा आहे. आणि दाराआड उभ्या असलेल्या सुनीतीला, एम.ए.चं पहिलं वर्ष झालेल्या, सगळ्या जगाला पारखून घेणाऱ्या सुनीतीला वाटलं होतं की जो परक्यांचं इतकं जपतो तो आपलं किती जपेल. पोटात ठेवणाऱ्या माणसाच्या पोटात आपल्याविषयीचंही काही असू शकेल, हे तिला तेव्हा सुचलं नव्हतं. एम.ए.त हे कुणी शिकवत नाही.

आणि मग तिला ते जेवण आठवलं, आणि ती दारातच खाली बसली. फाल्गुनातली गोष्ट. श्रीनिवास भात कालवता कालवता म्हणाला होता, "एक घर आहे. सगळं चांगलं. पण बायका स्वयंपाकघरात शिरल्या की तोंड पाडून बाहेर येतात. काय असेल?" असं तो कधी कधी विचारायचा आणि तिला ते आवडायचं, दिवसभर खोकल्याची बाटली, शाळेचा डबा आणि नळाची वेळ यांत गेलेल्या तिच्या डोक्याला कुणीतरी काही विचारतंय. ती म्हणाली, अंधार असेल. तो म्हणाला, सकाळी येतो जरा उजेड, पूर्वेच्या झरोक्यातून. "मग सकाळीच दाखवा ना," ती म्हणाली होती, "संध्याकाळी कशाला नेता? आणि झरोक्यापुढचं सामान काढायला सांगा. जुनी घरं म्हणजे झरोक्यात लोणच्याच्या बरण्या असणार. त्या हलवा. धुराची भिंत असेल तर चुना मारा. पितळेची चार भांडी घासून समोर लावा, उजेड पडला की बाईला वाटतं हे माझंच आहे." श्रीनिवास घास थांबवून तिच्याकडे बघत राहिला होता. तेव्हा तिला ते कौतुक वाटलं. मग त्यांनी दोघांनी मिळून त्या घराचं नाव ठेवलं होतं, सकाळचं घर. पुढे महिनाभर तीच विचारायची, काय म्हणतंय तुमचं सकाळचं घर? आणि तो म्हणायचा, येतंय जुळून.

तिला का कळलं नाही? पूर्वेचा झरोका, बरण्या. पण सकाळी ती त्या स्वयंपाकघरात फारशी नव्हतीच. सकाळी शाळा, मग कॉलेज, आणि सुट्टीला झरोका बरण्यांनी बुजलेला. आणि लग्नानंतर माहेरी जायचं ते चार वाजता, ऊन कलल्यावर. तिच्या आठवणीतलं आईचं स्वयंपाकघर संध्याकाळचं होतं, काळं, कंदिलाच्या वासाचं, आणि त्या काळोखात आईच्या बांगड्या ऐकू यायच्या. उजेड तिथे येतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुपारी, ऊन कलायची वाट न बघता, ती बकुळला घेऊन ब्रह्मा घाटावर गेली. आईने दार उघडलं. अन्नपूर्णाबाई साठीच्या पुढच्या, पण ताठ. कपाळ मोकळं झाल्यापासून डोळे जास्त मोठे दिसत. "अगं, या वेळेला? ऊन काय म्हणतंय! पोरीला खोकला आणि तू नाचवतेस तिला." बकुळ आजीच्या कमरेला लटकली. "आजी, भूख लगी." "मराठीत बोल गं, मराठीत. आजीला हिंदी नाही कळत." "आजी, भूक लगी." आई हसली आणि आत गेली, आणि सुनीती तिच्यामागून गेली आणि उंबऱ्यात थांबली.

भिंत पांढरी होती. चुन्याचा वास अजून पुरता गेला नव्हता. झरोका मोकळा होता; बरण्या खाली पाटावर ओळीने, कापड बांधलेल्या. समोरच्या फळीवर पितळेचं घंगाळ, दोन पातेली, फुलपात्रं, चिंचेने घासलेली. चार भांडी म्हणाले होते, आईने सात लावलीत, असं सुनीतीच्या मनात आलं, आणि त्याबरोबर एक विचित्र, लाजिरवाणा आनंद झाला की छान दिसतंय. खरंच छान दिसतंय. आपलं बरोबर होतं. माणसाचं मन किती हलकट असतं. ती चपला काढून आत गेली आणि टाइलवर उभी राहिली. गार होती.

"चुना कधी मारलास?"

"झाले थोडे दिवस. डोळ्यांना बरं वाटतं."

"आणि बरण्या?"

"मुंग्या होत होत्या वर. असंच सुचलं."

असंच सुचलं. आई पाठ करून लाडूचा डबा उघडत होती. त्या पाठीकडे बघत सुनीती वाट बघत राहिली. ती स्वतः विचारणार नव्हती. विचारलं की आई हो म्हणेल, शांतपणे, पदर सारखा करत, आणि मग ते झालेलंच असेल. तिला आईनं सांगायला हवं होतं. सुनीतीने तिला बोलायला जागा करून दिली. नरहरचं काय म्हणणं आहे, असं विचारलं. आई म्हणाली, त्याचं काय, बँक आणि घर. सुनीती म्हणाली, आई, तुला एकटीला कंटाळा येत असेल; आई म्हणाली, विश्वनाथ आहे ना. मग बकुळ लाडू खात खोकायला लागली, आणि खोकता खोकता लाडूचा चुरा त्या पांढऱ्या भिंतीवर उडाला, आणि सुनीती म्हणाली, "डॉक्टर परत म्हणाले, त्या ओलीतून पोरीला काढा. आई, दिवाळीत मी बोलले होते बघ. वरच्या दोन खोल्या. वारं येतं नदीवरचं. आम्ही आलो तर तुलाही..."

आईने ओल्या फडक्याने भिंतीवरचा चुरा पुसला. हळूहळू, डाग पडू नये असा. "बघू गं," ती म्हणाली. "पावसाळा जाऊ दे."

पावसाळा जाईल तोवर मिश्राइनची सासू त्या खोलीत जप करत असेल. आईला ते माहीत होतं. सुनीतीला ते माहीत आहे हे आईला माहीत नव्हतं, आणि त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर कसलीही लपवाछपवी नव्हती, नेहमीचीच माया होती. तेच सुनीतीला बघवलं नाही. खोटं बोलताना माणूस वेगळं दिसायला हवं. निघताना आईने पुरणयंत्र काढून दिलं. "ने हे. मला एकटीला काय पुरण लागतंय." मागच्या महिन्यात मोठी परात दिली होती, त्याआधी वडिलांची शाल. सुनीती प्रत्येक वेळी खूश होऊन घरी गेली होती, आईचा जीव किती आपल्यावर म्हणून. आई घर रिकामं करत होती. मुलगीच नसलेली बाई मुलीला थोडं थोडं देत होती.

दिवेलागणीला श्रीनिवास आला तेव्हा ती पुरणयंत्र मांडीवर घेऊन बसली होती. त्याने स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली, यंत्राकडे बघितलं, आणि त्याला कळलं. तो हुशारच होता. "कोण बोललं?" त्याने विचारलं. पहिलं वाक्य हे. कोण बोललं.

"टाइल बोलली," सुनीती म्हणाली.

तो खुर्चीवर बसला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसे. म्हणाला, "पार्टीने सांगितलं होतं, कुणाला म्हणजे कुणाला नाही. आणि घरी तर मुळीच नाही."

"पार्टी."

"तसं म्हणतो आपण."

"माझी आई आहे ती, अहो."

"माझ्याकडे आल्या तेव्हा पार्टी म्हणून आल्या. श्रीनिवासराव, जावई म्हणून नाही, धंद्याचं म्हणून ऐका, असं म्हणाल्या. नरहरला नागपूरला मोठी जागा घ्यायची आहे, त्या तिकडे जाणार. घर त्यांच्या नावावर आहे. तू वरच्या खोल्यांचा विषय काढलास, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. तुला नाही कसं म्हणायचं ते त्यांना जमेना. मी काय करायचं होतं? त्यांनी दुसरा दलाल गाठला असता. त्याने तर गल्लीभर केलं असतं."

"मला सांगायचं होतं."

"आज तुला सांगितलं, उद्या आणखी कुणाला सांगेन. मग माझ्याकडे कोण येईल? पोटात ठेवतो म्हणून तर पोट भरतं आपलं."

त्याचं सगळं बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की सुनीतीला त्यात बोट शिरकवायला फट सापडेना. ती म्हणाली, "मी दर वेळी विचारत होते, सकाळचं घर काय म्हणतंय. तुम्ही जेवत होतात."

"मी खोटं एक अक्षर बोललो नाही."

"नाही. त्या बाईने विचारलं, मुलं किती. आई म्हणाली, एक मुलगा, बस. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्याने खिडकीकडे मान वळवली. खिडकीतून गल्लीतली जिलबीवाल्याची कढई चुरचुरताना ऐकू येत होती. मग म्हणाला, "तिथेच होतो."

"तिथे म्हणजे?"

"स्वयंपाकघरात. त्यांच्या शेजारी उभा होतो. मुलगी म्हटलं की गिऱ्हाईक हिश्श्याला भितं, कायद्याने काही असो. पार्टी काय सांगते ते मी खोडायचं नसतं, सुनीती."

सुनीतीला ते दिसलं. सकाळचा उजेड, सात भांडी, आई, आणि आईच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला तिचा नवरा, हात मागे बांधलेला, अदबीने मान जरा झुकवलेली, जशी तो सगळ्या घरांत झुकवतो. कदाचित तो हिरव्या टाइलवरच उभा असेल. दोघांनी मिळून तिला त्या उजेडातून हलवलं होतं, झरोक्यातल्या बरणीसारखं. सल्लाही तिचाच. ती उठली आणि पुरणयंत्र फळीवर ठेवून स्वयंपाकाला लागली. पोळ्या गोल झाल्या. तो जेवला, चांगलं झालंय म्हणाला नाही, एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या दिवशी मिश्राइन पुन्हा आली. या वेळी बसली नाही. हातात लोटा होता, राखेने घासलेला, लखलखीत. त्याच्यावर पदर धरून आली होती. "हमारी सास ने माँजा," ती म्हणाली, "माँजते-माँजते पढ़ लिया." तिने लोटा फिरवून सुनीतीपुढे धरला. काठाखाली बारीक ठोकलेली अक्षरं राखेने उठून आली होती. चि. सुनीतीस, आई अन्नपूर्णाकडून. खाली लग्नाचं साल. लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर आईने कासाराला समोर बसवून नाव घालून घेतलं होतं, भांडी हरवतात, मुली हरवत नाहीत, असं काहीतरी त्या वेळी हसून म्हणाली होती. श्रीनिवासने गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला फळीवरून हाताला येईल तो लोटा उचलला असणार. इतकी घरं बारकाईने बघणारा माणूस, पण स्वतःच्या घरातली भांडी त्याने कधी वाचली नव्हती.

"मराठी है, पर पढ़ने में तो आ ही जाता है," मिश्राइन म्हणाली. "माताजी का नाम भी अन्नपूर्णा. भाईसाहब ने कल ही बताया, बयाना देने की बात चली तब. और गली में एक जनी कह रही थी, एक बेटी आती है, छोटी लड़की को लेकर. लड़की को खाँसी है." तिने बकुळकडे बघितलं. बकुळ दारात उभी होती, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. "दीदी, हम झगड़ा करने नहीं आए. सारी जमा-पूँजी लगा रहे हैं. बस इतना बता दीजिए. ये सुनीति कौन है?"

सुनीतीला सगळं स्वच्छ दिसत होतं. मी काहीच मागणार नाही, घर आईचंच आहे, खुशाल घ्या, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मिश्राइन पाया पडली असती, आईचं नागपूर झालं असतं. किंवा, मीच ती. तेही एकच वाक्य. दोन्ही वाक्यं तिच्या जिभेवर येऊन बसली. आणि मग तिने पाहिलं की तिसरंही एक आहे, जे कुणालाच नाकारता येणार नाही, ज्याच्यात खोटं एक अक्षरही नाही.

"पार्टी की बात हम बाहर नहीं करते," ती म्हणाली.

तिने नजर वळवली नाही. मिश्राइन तिच्याकडे बघत राहिली, मग लोट्याकडे, मग बकुळकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते घर हळूहळू उतरताना सुनीतीला दिसलं. झरोका, टाइल, सासूची जपाची खोली, एकेक करून. तिला त्या बाईची दया आली. चांगली बाई होती. "ठीक है," मिश्राइन म्हणाली. लोटा उंबऱ्यावर ठेवला, हातात दिला नाही. आणि गल्लीत पदर डोक्यावर घेऊन झपझप निघून गेली.

जिंकल्यासारखं वाटेल अशी सुनीतीला कुठेतरी आशा होती. ती दुपारभर वाट बघत राहिली. पण दुसरंच काही येत राहिलं. उद्या सकाळी त्या स्वयंपाकघरात ऊन येईल, भांड्यांवर पडेल, आणि आई दाराकडे कान देऊन उभी असेल, आणि कुणी येणार नाही. मग दुसरं कुणी येईल. आई पुन्हा तेच सांगेल. या वेळी सवय झालेली असेल. वरच्या खोल्या बंदच राहतील. आई बघू म्हणेल आणि ती हं म्हणेल, आणि दोघी एकमेकींच्या समोर बसून लाडू खातील. तिने बकुळला काढा दिला. बकुळने तोंड वाकडं केलं. "कड़वा है, मम्मा." "कडू आहे म्हणावं," सुनीती म्हणाली.

श्रीनिवास त्या दिवशी लवकर आला. किल्ली खिळ्याला अडकवली नाही, हातातच फिरवत राहिला. "मिश्रांनी हात मागे घेतला," तो म्हणाला. "कारण सांगत नाहीत. बाई इथे आली होती म्हणे." त्याने तिच्याकडे बघितलं, घरं बघतो तसं, कुठे ओल आहे का ते शोधत. "तू काही बोललीस?"

"एक शब्द नाही. तुमच्या देवाची शपथ."

त्याला ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्यामुळेच तो गोंधळला. त्याची नजर खोलीभर फिरली आणि फळीवर थांबली. लोटा तिने राखेने पुन्हा घासला नव्हता, फक्त अक्षरं बाहेरच्या बाजूला करून ठेवला होता. तो जवळ गेला. उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. त्याचे ओठ हलले.

"हे नाव कधीपासून आहे यावर?" त्याने विचारलं.

आतल्या खोलीत बकुळ पुन्हा खोकायला लागली होती. सुनीती तिच्याकडे जाता जाता दारात थांबली.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.